ख्रिस्तराजा आणि पोर्तुगालचा मुकुट

ख्रिस्तराजाच्या सणाला आम्ही ‘ख्रिस्त हाच आमचा राजा’ असे मुक्तकंठाने म्हणतो. ठाणे परिसरातील आमच्या पूर्वजांना हे म्हणणे इतके सोपे नव्हते.

सहाव्या शतकात कॉस्मस या प्रवाशाने ‘कल्लियाना’ येथे इराणातून अभिषिक्त होऊन आलेला बिशप असल्याचे लिहून ठेवले. हे गाव म्हणजे आपले कल्याण, असे बरेच अभ्यासक मानतात. त्या बिशपच्या पाठीशी कोणी ख्रिस्ती राजा नव्हता.

साष्टीत मात्र श्रद्धा राजमुद्रेसह आली. परमगुरूंनी पोर्तुगालच्या राजाला ‘पाद्रोआदो’चा हक्क दिला होता. चर्च बांधणे व धर्मगुरूंचा चरितार्थ चालविणे हे राजाचे कर्तव्य आणि बिशपपदासाठी नाव सुचविणे हा त्याचा अधिकार. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे जिंकले. कर्तव्य पार पाडणारा हात गेला, अधिकार तेवढा उरला! १७७४ च्या अखेरीस इंग्रज आले, तरी तो ढळला नाही. पुढे मुंबईत पाद्रोआदो आणि प्रोपगांडा असे दोन पक्ष पडले व एकाच ख्रिस्ताची लेकरे एकमेकांकडे पाठ फिरवून बसली. आम्हांला या इतिहासातील हेच पान सर्वांत दुःखद वाटते.

१८८६ च्या करारानंतर साष्टी दमणच्या धर्मप्रांतात गेली. मुलूख इंग्रजांचा आणि बिशप सुचविणार लिस्बन! पुढच्याच वर्षी, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त, आमच्या समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. ज्या कंपनीची आठवण त्यात आहे, ती १८७४ मध्येच विसर्जित झाली होती. पूर्वजांना हसण्याचे कारण नाही. सरकारी नोकरीत आपली वेगळी ओळख पटावी, हा पोटाचा प्रश्न होता.

१९१० साली पोर्तुगालने स्वतःचा राजाच घालविला. नव्या प्रजासत्ताकाने मायदेशी चर्च आणि शासन यांची फारकत केली, मात्र आशियातील बिशपांवरचा हक्क सोडला नाही. १९२५ मध्ये पोप अकरावे पायस यांनी ख्रिस्तराजाचा सण सुरू केला, तेव्हा ठाण्याचे भाविक त्याच हक्काखाली होते. १९२८ साली साष्टी मुंबईच्या आर्चबिशपांकडे आली. पण ते पद आळीपाळीने पोर्तुगीज व ब्रिटिश व्यक्तीस द्यावे, असे ठरले. स्वातंत्र्यानंतर, १९५० मध्ये, ती अट गेली आणि त्याच वर्षी व्हॅलेरियन ग्रेशस हे मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. ख्रिस्तराजाचा सण सुरू होऊन तेव्हा पंचवीस वर्षे झाली होती.