एक तास काम केलं की बेकारी संपते?

समजा, सावर्ड्यात एका घरी सरकारी सर्वेक्षक आलाय. घरातल्या काकूंनी गेल्या सात दिवसांत एकच दिवस, पूर्ण दिवसभर, काजू सोलायचं काम केलंय. बाकी सहा दिवस? "बोलावलं असतं तर गेले असते." मग काकू बेकार आहेत का?

साप्ताहिक व्याख्येनुसार नाहीत. आठवड्यात एखाद्या दिवशी तासभर जरी काम केलं तरी माणूस रोजगारात धरतात. दैनिक व्याख्या प्रत्येक दिवस वेगळा मोजते: चार तास किंवा जास्त काम म्हणजे पूर्ण दिवस, एक ते चार तास म्हणजे अर्धा. तिच्यात काकूंचा एक दिवस रोजगाराचा, सहा बेकारीचे. आणि वर्षातला बहुतेक काळ घरकामातच गेला असेल, तर वर्षाच्या मुख्य नोंदीत त्या श्रमशक्तीतच नाहीत. म्हणजे रोजगारातही नाहीत, बेकारही नाहीत. बाई एकच, उत्तरं तीन!

हा गोंधळ नाही हं, ठरवून केलेली रचना आहे. पूर्वी पंचवार्षिक योजनांमध्ये बेकारांचा एकच आकडा दिला जायचा. मुंबई विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ प्रा. एम. एल. दांतवाला यांच्या समितीने 1970 च्या अहवालात सांगितलं की, हंगामी शेती आणि घरच्या धंद्यावर चालणाऱ्या देशात असा एकच आकडा फसवा ठरतो. मग राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 1972-73 च्या 27व्या फेरीत तिन्ही मापं लावली गेली. देशातली बेकारी वार्षिक मापाने सुमारे 1.6 टक्के निघाली, साप्ताहिक मापाने 4.3 आणि दैनिक मापाने 8.3. वर्ष तेच, देश तोच!

त्याच दुष्काळी काळात महाराष्ट्राने दुसरी वाट धरली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना बेकार कोण हे आधी ठरवत बसली नाही. जो अंगमेहनतीचं काम मागायला येईल, त्याला काम द्यायचं. 1977 च्या कायद्याने तो हक्कच झाला. अर्थात, जो मागायला आलाच नाही तो इथेही दिसत नाही.

आणि कोकणात न दिसणारे पुष्कळ. काम शोधायला मुंबईला जाऊन राहिलेला मुलगा सावर्ड्याच्या घराच्या यादीत नसतो. "काम असतं तर गेले असते" हे ज्या काकू बोलून दाखवत नाहीत, त्या गृहिणी म्हणून नोंदल्या जातात. दोघांमुळे गावातली बेकारी कागदावर कमीच दिसते.

म्हणून बेकारीच्या दराची बातमी वाचाल तेव्हा दर किती हे नंतर बघा. आधी विचारा: मोजला कुठल्या मापाने, आणि मोजलं कुणाला?