बारावा दिवस: खुबा निखळण्याआधीचे तास

हा घटनाक्रम एका ठरावीक कुत्र्याचा नाही. खुब्याचा सांधा बदलल्यावर पहिल्या काही आठवड्यांत तो निखळतो, तेव्हा घरोघरी जे घडत आलंय ते इथे एका लॅब्रॅडॉरच्या एका दिवसात मांडलं आहे. घर पुण्यातल्या सोसायटीतलं, लिफ्टचं. फरशी व्हिट्रिफाइड टाइल्सची.

24 तास आधी. अकरावा दिवस, संध्याकाळी 7.40

मागचा डावा पाय पूर्ण टेकवून तो उभा आहे. वर्षभर तो दोन्ही मागचे पाय एकदम उचलून, उड्या मारल्यासारखा चालायचा. आज पाय एकेक करून पडतायत. घरातल्यांनी व्हिडिओ काढला, नातेवाइकांना पाठवला. हा आनंद रास्तच आहे. दहापैकी साधारण नऊ कुत्र्यांना या ऑपरेशनचा चांगला गुण येतो. पण सर्वांत सांभाळायचे दिवस इथूनच सुरू होतात. दुखणं होतं तोवर तेच त्याला आवरत होतं.

22 तास आधी. रात्री 9.40

तो झोपलाय. आत मांडीच्या हाडाचं डोकं नाही, ते कापून काढलंय. हाडाच्या पोकळीत टायटॅनियमचा दांडा ठोकून बसवलाय, त्यावर कोबाल्ट-क्रोमचा गोळा, आणि कमरेच्या हाडात प्लॅस्टिकचं अस्तर असलेला कप. सिमेंट वापरलेलं नाही. दांड्याच्या खडबडीत पृष्ठभागात हाड वाढून त्याला धरेपर्यंत काही आठवडे जातात.

मग गोळा कपात राहतो कशाच्या जोरावर? मूळच्या सांध्यात गोळ्याला उखळीशी आतून बांधणारा एक आखूड अस्थिबंध असतो. तो हाडाच्या डोक्याबरोबर गेला. सांध्याभोवतीचं आवरण ऑपरेशनच्या वेळी कापून पुन्हा शिवलंय, त्याचा जाड व्रण अजून धरायचा आहे. तोवर सगळी भिस्त स्नायूंच्या ताणावर, आणि हे स्नायू पाय वाचवत चालल्यामुळे वाळलेले आहेत. डॉक्टर घरी पाठवताना पळणं, उड्या, जिने सगळं बंद करायला सांगतात ते यासाठी.

12 तास आधी. बारावा दिवस, सकाळी 7.40

पोटाखालून टॉवेलची झोळी, गळ्यात पट्टा, पाच मिनिटांची फेरी, शी-शू, घरात. सगळं नेमकं सांगितल्यासारखं.

परतल्यावर घरात वास येतोय म्हणून हॉलभर अंथरलेल्या योगा मॅट धुवायला निघतात. दुपारपर्यंत वाळतील असा अंदाज. ढगाळ हवा आहे.

9 तास आधी. सकाळी 10.40

शेजारच्या काकू डोकावतात. "कुत्र्यासाठी एवढा खर्च?" हा प्रश्न या घराने बरेचदा ऐकलाय. रतन टाटांनी सांध्याच्या ऑपरेशनसाठी आपला कुत्रा थेट अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात नेला होता. तिथे पोहोचेपर्यंत उशीर झाला होता, सांधा बदलता आला नाही, तो एका स्थितीत पक्का करावा लागला. मुंबईत महालक्ष्मीला 2024 मध्ये टाटा ट्रस्टचं प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं, त्यामागे हा अनुभव होता. माणूस जिवलगासाठी करतो ते खर्चाच्या रकान्यात मांडता येत नाही, असं मला मनापासून वाटतं.

7 तास आधी. दुपारी 12.40

शांत ठेवणारी दुपारची गोळी आज दिली जात नाही. "किती मलूल पडलाय, आज राहू दे." दुखण्याची गोळी मात्र वेळेवर दिली जाते. म्हणजे दुखत नाहीये आणि सुस्तीही उतरतेय.

40 मिनिटं आधी. संध्याकाळी 7.00

मॅट अजून दमट, गॅलरीच्या कठड्यावरच. तो त्याच्या जाळीच्या कुंपणात आहे. धाकटी लेक पाणी ठेवायला आत जाते, बाहेर येताना कडी अर्धीच लागते.

त्याच्या पंजांकडे पाहा. गाद्यांच्या मधले केस वाढून गाद्यांवर आलेत. टाइल्सवर गादी टेकायच्या आधी केस टेकतात, आणि केसाला पकड नसते. कात्रीचं पाच मिनिटांचं काम, कुणाला सुचलं नाही.

1 मिनिट आधी. 7.39

बेल वाजते. बाबा ऑफिसातून आलेत.

शून्य. 7.40

तो कुंपणातून सुटतो, तीन ढांगांत हॉलच्या मध्यावर येतो आणि वळतो. मागचे दोन्ही पाय बाहेरच्या बाजूला फाकतात. डावा पाय जास्त. धातूची मान कपाच्या वरच्या काठावर टेकते आणि पहारीने दगड उचलावा तसा गोळा खालच्या बाजूने बाहेर निसटतो. एक किंकाळी. मग तो तीन पायांवर, डावा पाय अंगापासून लांब धरलेला, टेकवत नाही.

20 मिनिटांनंतर. 8.00

पाय कुणी ओढून पाहत नाही, चोळत नाही, हे बरं झालं. चादरीवर उचलून त्याला गाडीत घालतात. सर्जनना फोन लागलाय. खायला काही देऊ नका, ते सांगतात, भूल द्यावी लागेल.

2 तासांनंतर. 9.40

एक्स-रेत गोळा कपाबाहेर दिसतो. दांडा जागेवर आहे, मांडीचं हाड फुटलेलं नाही. बाबा विचारतात, चूक आमचीच ना? सर्जन लगेच हो म्हणत नाहीत. ते आधी कपाचा कोन मोजतात. कप साधारण 45 अंशांच्या आसपास उघडा हवा. तो जास्त मिटलेला असेल तर पाय फाकताच मान काठावर लवकर टेकते, आणि मग दोष एकट्या फरशीच्या माथी मारता येत नाही. ऑपरेशनचा आणि घराचा हिशेब इथे एकत्रच मांडावा लागतो.

पर्याय तीन. भूल देऊन न कापता गोळा आत बसवायचा, पण तो पुन्हा निसटण्याची भीती राहते. पुन्हा उघडून कपाचा कोन बदलायचा किंवा लांब मानेचा गोळा घालायचा. काहीच टिकलं नाही तर सगळे भाग काढून पाय नुसत्या स्नायूंवर सोडायचा. त्यावरही कुत्री चालतात, पण नव्या सांध्यासारखी नाहीत.

कोन 30 अंश भरतो. सकाळी पुन्हा उघडायचं ठरतं. सर्जन संमतीचा कागद पुढे करतात आणि घरी जाऊन मॅट वाळल्यात का ते बघायला सांगतात.