तालाचा धनी कोण?

चतुर्थीच्या दिवसांत गोव्यातील घराघरांतून आणि देवळांच्या सभामंडपांतून घुमट-शामेळाच्या साथीने आरत्या म्हटल्या जातात. आरतीच्या अखेरच्या कडव्यात कवी बहुधा आपले नाव गुंफून ठेवतो, त्यामुळे कित्येक पिढ्यांनंतरही ती रचना कोणाची हे ऐकणाऱ्यास कळते. ज्याच्या थापेने त्या आरतीला उठाव येतो त्या घुमटवादकाचे नाव मात्र कोठेच नसते. त्याची त्याला खंतही नसते. ती देवाची सेवा आहे. परंतु वादन हेच ज्याच्या चरितार्थाचे साधन, त्याच्या बाबतीत हे निनावीपण थेट पोटावर येते. अमेरिकेतील बॉबी बॉर्ग या ड्रमवादकाची पुस्तके आमच्या पाहण्यात आली तेव्हा प्रथम हाच विचार मनात आला.

बॉर्ग हे रॉक संगीतातले जुने वादक. ‘वॉरंट’ या प्रसिद्ध वाद्यवृंदात त्यांनी काही काळ ड्रम वाजविले. पुढे त्यांनी २००३ साली ‘द म्युझिशियन्स हँडबुक’ हा ग्रंथ लिहिला, त्यानंतर आणखी पुस्तके लिहिली, आणि लॉस एंजेलिस येथील विद्यापीठाच्या बहिःशाल विभागात ते संगीतव्यवसाय शिकवू लागले. या पुस्तकांत तालाचे बोल नाहीत. करारनामे, मोबदला, व्यवस्थापक, वकील आणि हिशेब यांचीच चर्चा आहे. एका ड्रमवादकाने वहीखात्याची विद्या सांगावी याचे प्रथमदर्शनी नवल वाटते. इतिहास पाहिल्यावर ते उरत नाही.

पाश्चात्त्य कायद्यात एका गाण्यातून दोन मालमत्ता निर्माण होतात. शब्द आणि चाल यांची रचना ही एक. त्या रचनेचे प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण ही दुसरी. पहिलीचा धनी गीतकार व संगीतकार, दुसरीचा बहुधा मुद्रिका काढणारी कंपनी. ताल धरणारा या दोहोंच्या मधल्या फटीत सापडतो. व्यवहारात चाल म्हणजे रचना आणि ठेका म्हणजे केवळ साथ, असे मानण्याची रूढी पडली. लयीला संगीताचा पिता मानणाऱ्या आपल्या मनाला हे चमत्कारिक वाटते. पण पैशाची वाटणी मात्र त्याच रूढीने होत आली.

‘क्रीम’ या इंग्लंडमधील त्रयीचा ड्रमवादक जिंजर बेकर (१९३९–२०१९) याचे उदाहरण घ्या. १९६७ सालच्या त्यांच्या एका गाजलेल्या गीतावर जॅक ब्रूस, पीट ब्राउन व एरिक क्लॅप्टन यांची नावे लागली. त्या गीताला आगळा डौल देणारा ठेका बेकरचा. रचनाकारांत त्याचे नाव नाही. हा सल त्याने अखेरपर्यंत बोलून दाखविला. तरीही बेकर निदान प्रसिद्धी पावला होता.

खरी विषण्ण करणारी कथा ग्रेगरी कोलमनची आहे. १९६९ साली ‘द विन्स्टन्स’ या वृंदाने एक मुद्रिका काढली. तिच्या मागील बाजूस ‘आमेन, ब्रदर’ हे केवळ वाद्यांवर वाजविलेले गीत होते. त्यात मध्येच इतर वाद्ये थांबतात आणि कोलमन सहा-सात सेकंद एकटा वाजवितो. पुढे ध्वनीचे तुकडे उचलून नव्या गाण्यांत जोडण्याची यंत्रे आली, तेव्हा हाच तुकडा हजारो मुद्रिकांत वापरला गेला, आणि इंग्लंडमध्ये तर एक संपूर्ण संगीतप्रकार त्यावर उभा राहिला. कोलमनला यातून काहीही मिळाले नाही. २००६ साली अटलांटा शहरी तो निर्धन, बेघर अवस्थेत वारला. त्या मुद्रिकेचा हक्क वृंदाचा नायक रिचर्ड स्पेन्सर याच्याकडे होता. त्यालाही कोणी विचारले नाही. २०१५ साली काही चाहत्यांनी वर्गणी करून त्याच्या हाती सुमारे २४,००० पौंड ठेवले, तेव्हा कोलमनला जाऊन नऊ वर्षे झाली होती.

जेम्स ब्राउन यांच्या वृंदातील क्लाइड स्टबलफील्ड यांचीही तीच गत. ‘फंकी ड्रमर’ हे १९६९ साली मुद्रित झालेले गीत. त्यातील त्यांचा ठेका असंख्य गाण्यांत उचलला गेला, पण रचनेवर नाव ब्राउन यांचे. २०१७ साली स्टबलफील्ड निवर्तले.

या सर्वांच्या उलट एक ड्रमवादक आम्हांस दिसतो: ‘डेव्ह क्लार्क फाइव्ह’चा नायक डेव्ह क्लार्क. ऐन उमेदीत त्याने आपल्या मुद्रणांची मालकी कंपनीस न विकता स्वतःकडे राखली आणि ती केवळ मुदतीने वापरावयास दिली. १९६०च्या दशकात एवढी व्यवहारदृष्टी दाखविणारे थोडेच.

बॉर्ग यांच्या ग्रंथाचे मर्म आमच्या मते येथेच आहे. क्लार्कला जे उपजत सुचले ते कोलमनच्या जातीच्या वादकास शिकवावे लागते. वृंदात आपण भागीदार आहोत की रोजंदारीचे नोकर? वृंदाचे नाव कोणाच्या मालकीचे? एखादा सोडून गेला तर त्याचा वाटा काय? हे प्रश्न पहिल्या तालमीच्या वेळी विचारणे स्नेह्यांमध्ये अवघड वाटते, आणि यश मिळाल्यावर ते न्यायालयात विचारावे लागतात. (घरच्या वाटण्यांचा अनुभव असलेल्या वाचकांस हे अधिक सांगणे नको.)

कायदाही हळूहळू हलला. अमेरिकेत १९९५ सालच्या कायद्याने काही अंकीय प्रक्षेपणांसाठी ध्वनिमुद्रणाचा मोबदला मान्य झाला. सक्तीच्या परवान्याखाली जमणाऱ्या या रकमेतून ५० टक्के मुद्रणाच्या धन्यास, ४५ टक्के मुख्य कलावंतांस आणि ५ टक्के साथीदारांसाठी, अशी वाटणी होते. साधे नभोवाणी केंद्र मात्र तेथे वादकास अद्याप काही देत नाही.

आपल्याकडे १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात वादक-गायकांचा हक्क १९९४ साली आला, आणि २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी उपयोगातील मोबदल्यावर त्यांचा अधिकार मान्य झाला. मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांत गोव्याचे कितीतरी वादक एका बैठकीच्या बिदागीवर वाजवून गेले. तबकडीवर संगीत दिग्दर्शकाचे नाव असे, गायकाचे असे, त्यांचे नसे. ही दुरुस्ती झाली तेव्हा त्यांपैकी बहुतेकांचे वादन कधीच थांबले होते.