रंगभूमीवरचा गडगडाट

भगिनींनो, नाटक ‘पाहिले’ असे आपण म्हणतो, पण निम्मे नाटक कानांनी होते. पात्र “वीज पडली हो!” म्हणून ओरडले आणि आतून काहीच वाजले नाही, तर लोक हसतात. म्हणून पडद्यामागच्या आवाजांविषयी, वाचलेले आणि आपल्या गावी पाहिलेले, थोडेसे लिहिते.

आपल्या मराठी नाटकाचा आरंभ १८४३ साली सांगलीस झाला. ५ नोव्हेंबरला विष्णुदास भावे यांनी तेथील अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने ‘सीता स्वयंवर’ हा खेळ केला. अशा खेळांत सूत्रधार पदे म्हणे, आणि राक्षस आला की राळेचा भडका उडे व तो घसा फोडून आरोळी ठोकी. त्या आरोळीवरून लोकांनी या खेळांना ‘अललडुर्र’ नाटके असे थट्टेचे नाव पाडले. माणसाचा गळा हेच तेव्हाचे मोठे यंत्र! १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ आले, गाणे पुढे आले आणि राक्षस मागे पडले. पुढे १ जुलै १९३३ रोजी मुंबईत नाट्यमन्वंतर संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ केले, त्यात रंगमंचावर खऱ्या घरासारखे घर दिसले. घर खरे दिसू लागले, की दाराची कडीही खरी वाजावी लागते.

हे आवाज करण्याचे साहित्य मात्र आपल्या स्वयंपाकघरातलेच असते. सुपात ज्वारी घोळली की पाऊस पडतो. नारळाच्या दोन करवंट्या फरशीवर आपटल्या की घोडा दौडतो. वाळल्या तुऱ्हाट्या मोडल्या की आग तडतडते. वाऱ्यासाठी पट्ट्यांचे लाकडी पिंप किंतानाखाली फिरवतात. ढगांसाठी पत्र्याची मोठी चादर टांगून हलवतात. विलायतेत जॉन डेनिस नावाच्या नाटककाराने १७०९ साली आपल्या नाटकासाठी गडगडाटाची नवी युक्ती काढली. नाटक पडले, पण त्याच थिएटरात दुसऱ्या नाटकाला तोच गडगडाट ऐकून तो “माझा गडगडाट चोरला!” म्हणून ओरडला, असे सांगतात. इंग्रजीत त्याची म्हणच झाली आहे.

आपल्या किल्लारीत पत्र्याची गोष्ट निराळी आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून लोक निजले असता, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हलली. जाड दगडमातीच्या भिंती झोपेतल्या माणसांवर आल्या. लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे गेली. त्याआधी १९९२ सालीही लहान धक्के बसले होते. मी तेव्हा लहान होते, पण जमिनीच्या पोटातली ती गुरगुर ज्याने ऐकली तो विसरत नाही. नंतर पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढले. रात्री वारा सुटून पत्रा वाजला, की बायका लेकरे कडेवर घेऊन बाहेर पळत.

म्हणून आपल्या मंडळाच्या नाटकात पत्रा हलवीत नाहीत. तरुण मुली म्हणतात, “काकू, तीस वर्षे होऊन गेली, नाटक ते नाटक.” त्यांचेही खोटे नाही. पण माझे मत असे, की पत्रा वाजला आणि पुढच्या रांगेतली आजी दाराकडे पाहू लागली, तर तिचे नाटक तिथेच संपले. ढोलाच्या कडेवर बोटे फिरवून सुरुवात करावी, मग थाप हळूहळू वाढवावी. ढग दुरून येतो असे वाटते, आणि तो ढगच आहे हे आजीलाही कळते. भूकंपाला असे हळूहळू येणे ठाऊक नव्हते.

यंदा मुलींनी मोबाइलमध्ये पाऊस, कोकीळ, मोटार, सगळे उतरवून आणले आहे. कोकीळ फारच छान आहे, ती ठेवू. पण यंत्रातला पाऊस ठरल्या वेळी थांबतो, पात्र वाक्य विसरले तरी थांबतो. सुपातला पाऊस तिच्या तोंडाकडे बघून लांबवता येतो. सूप माझ्याकडे आहे. ज्वारी मात्र कोरडी खडखडीत आणा, दमट झाली की आवाज बसतो.