एचआयव्हीची लस माकडांवर चालली, मग आपल्याला का मिळत नाही? लुईस पिकर यांचं संशोधन सोप्या भाषेत

"एड्सवर लस सापडली, माकडांवर प्रयोग यशस्वी" अशी बातमी तुम्ही कधी ना कधी वाचली असेल. एचआयव्ही विषाणू १९८३ मध्ये सापडला, पण आजही त्याच्यावर एकही लस बाजारात नाही. मग माकडांवरच्या प्रयोगांत नक्की काय घडतं? हे समजून घ्यायला अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातले शास्त्रज्ञ लुईस पिकर यांचं काम हे चांगलं उदाहरण आहे.

एचआयव्हीवर लस बनवणं इतकं अवघड का?

नेहमीची लस शरीराला विषाणूची ओळख करून देते. पुढे खरा विषाणू आला की ती ओळख लक्षात ठेवणाऱ्या पेशी जाग्या होतात, त्यांची संख्या वाढते आणि लढाई सुरू होते. याला काही दिवस लागतात. बऱ्याच आजारांत तेवढा उशीर चालून जातो.

एचआयव्हीच्या बाबतीत चालत नाही. हा विषाणू आपली जनुकं थेट आपल्या पेशीच्या डीएनएमध्ये घुसवतो. अशा काही पेशी गुपचूप पडून राहतात आणि औषधांनाही सापडत नाहीत. २०१४ मध्ये डॅन बारूक यांच्या टीमने माकडांना लागण झाल्यावर तिसऱ्याच दिवशी औषधं सुरू केली. तरीही औषधं थांबवल्यावर विषाणू परत आला. म्हणजे लपायची जागा तीन दिवसांच्या आतच तयार झाली होती.

सगळ्या फाइल लॉक झाल्यावर अँटीव्हायरस उघडून काय उपयोग? तसंच हे.

प्रयोग माकडांवरच का?

एचआयव्हीमुळे ऱ्हीसस माकडांना एड्स होत नाही. पण एसआयव्ही नावाचा त्याचा जवळचा नातेवाईक आहे, त्याने या माकडांना एड्ससारखाच आजार होतो. म्हणून लसीची परीक्षा एसआयव्हीवर घेतात. पिकर यांनी यासाठी एसआयव्हीचा अतिशय घातक प्रकार निवडला होता.

पिकर यांची आयडिया काय होती?

विषाणूची ओळख ठेवणाऱ्या टी पेशी ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात:

- पहिला प्रकार: या मुख्यतः लसिका गाठींमध्ये आराम करतात. गरज पडली की जाग्या होऊन वाढतात. फोनमधलं बंद ठेवलेलं ॲप समजा.
- दुसरा प्रकार: या आतडी, फुप्फुसं, जननमार्ग अशा विषाणू शिरण्याच्या जागी तयारीत असतात. म्हणजे बॅकग्राउंडला सतत चालू असलेलं ॲप.

एचआयव्हीसाठी दुसऱ्या प्रकारच्या पेशी हव्यात. पण त्या मोठ्या संख्येने टिकवायच्या तर शत्रूचे तुकडे त्यांना सतत दिसत राहावे लागतात. एक-दोन इंजेक्शनांनी ते होत नाही.

इथे पिकर यांनी सीएमव्ही हा विषाणू वापरला. जगातल्या बहुतेक प्रौढांच्या शरीरात तो असतो, आयुष्यभर राहतो आणि निरोगी माणसाला सहसा काही त्रास देत नाही. पिकर यांच्या टीमने माकडांचा सीएमव्ही घेतला आणि त्यात एसआयव्हीच्या जनुकांचे तुकडे बसवले. या तुकड्यांमुळे एसआयव्हीची लागण होऊ शकत नाही, पण पहारा मात्र कायम चालू राहतो.

निकाल काय लागला?

२०११ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आलेले आकडे असे होते:

- सीएमव्हीवर आधारित लस दिलेल्या २४ माकडांपैकी १३ माकडांनी विषाणूवर सुरुवातीलाच पूर्ण ताबा मिळवला.
- त्या १३ पैकी १२ माकडांमध्ये हा ताबा वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकला.
- तुलनेसाठी जुन्या पद्धतीची लस दिलेल्या ९ माकडांपैकी एकालाही हे जमलं नाही.

एक गोष्ट नीट समजून घ्या: लसीने विषाणूला आत येण्यापासून रोखलं नव्हतं. तो आत आला, काही पेशींमध्ये शिरला आणि मग पकडला गेला. २०१३ च्या पुढच्या पेपरमध्ये तर या माकडांमधल्या विषाणूच्या खुणा हळूहळू नाहीशा झाल्याचं दिसलं. त्यांच्या पेशी दुसऱ्या निरोगी माकडांना दिल्या, तरी त्यांना लागण झाली नाही.

पण उरलेली ११ माकडं? त्यांना लसीने हे संरक्षण दिलं नाही. थोडंफार संरक्षण असा मधला प्रकार इथे दिसत नाही.

बग निघाला फीचर!

आपल्या पेशी आतल्या प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर मांडून ठेवतात आणि टी पेशी ते वाचतात. ज्या फलकांवर हे तुकडे मांडले जातात, ते नेहमीचे फलक माणसागणिक खूप वेगळे असतात. पिकर यांच्या माकडांमध्ये टी पेशी मात्र नेहमीचे फलक सोडून दुसरेच फलक वाचत होत्या. त्यातला एक, एमएचसी-ई, जवळपास सगळ्यांमध्ये सारखाच असतो.

हे का घडलं? वापरलेल्या सीएमव्हीची काही जनुकं प्रयोगशाळेत वाढवताना गळून गेली होती. ती परत बसवल्यावर टी पेशी तयार झाल्या, पण संरक्षण मिळालं नाही. म्हणजे नुसत्या भरपूर टी पेशी असून भागत नाही, त्या काय वाचतात हेही महत्त्वाचं आहे.

मग आपल्यापर्यंत का आली नाही?

माकडांचा सीएमव्ही माणसात चालत नाही, त्यामुळे माणसाच्या सीएमव्हीपासून सगळं नव्याने बनवावं लागतं. शिवाय गर्भातलं बाळ आणि अवयव प्रत्यारोपण झालेले रुग्ण यांना सीएमव्ही धोकादायक ठरू शकतो, म्हणून तो आधी दुबळा करावा लागतो. आणि दुबळा केल्यावर तो तसाच काम करेल का, हे पुन्हा तपासावं लागतं.

घाई का करायची नाही, याचं उदाहरण २००७ चं आहे. माकडांमध्ये आशादायक वाटलेली एक वेगळी लस माणसांच्या मोठ्या चाचणीत अपयशी ठरली आणि चाचणी थांबवावी लागली. लस घेतलेल्या काही पुरुषांमध्ये तर लागण उलट जास्त दिसली.

पिकर यांच्या कल्पनेवर आधारलेल्या व्हीआयआर-१३८८ या लसीची पहिल्या टप्प्याची चाचणी २०२३ मध्ये अमेरिका आणि दक्षिण आफ्रिकेत सुरू झाली. पहिल्या टप्प्यात लस सुरक्षित आहे का आणि शरीर प्रतिसाद देतं का, एवढंच बघतात. ती लागण रोखते की नाही, हे तिथे कळत नाही.

अशी बातमी दिसली की हे ४ प्रश्न विचारा

१. प्रयोग कोणावर झाला: पेशी, उंदीर, माकड की माणूस?
२. कितीपैकी कितींना फायदा झाला?
३. चाचणीत वापरलेला विषाणू एचआयव्ही होता की एसआयव्ही?
४. माणसांवरची चाचणी असेल तर कितव्या टप्प्यात आहे?

लस येईपर्यंत कंडोम, वेळेवर तपासणी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायची प्रतिबंधक औषधं हेच खरे उपाय आहेत. लागण झालेल्यांसाठी आपल्याकडे सरकारी एआरटी केंद्रांत औषधं मोफत मिळतात आणि ती नियमित घेतली तर माणूस दीर्घ, निरोगी आयुष्य जगू शकतो. म्हणून "लस आली, आता काळजी नको" असा मेसेज आला, तर फॉरवर्ड करण्याआधी वरचे चार प्रश्न नक्की विचारा.