पंखा केवढा हवा?

खेळातल्या विमानाला इंजिन बसवणारा मुलगा दुकानात पहिल्यांदा हेच विचारतो. प्रश्न पोरकट नव्हे, श्रोतेहो. राइट बंधूही इथेच अडले होते.

१८७८ साली वडिलांनी त्यांना रबराच्या पिळावर उडणारे खेळणे आणून दिले. मूळ कल्पना पेनो या फ्रेंच तरुणाची. पोरांनी तसेच मोठे करून पाहिले, तर जितके मोठे तितके ते कमी उडे! आकार दुप्पट केला तर शक्ती आठपट लागते, हे त्यांना तेव्हा कुठे ठाऊक?

पुढे खऱ्या विमानाची वेळ आली. जहाजांच्या पंख्यांचे गणित ग्रंथांत तयार मिळेल, असे त्यांना वाटले होते. पाहतात तो सारा अनुभवाचा कारभार. इंजिन जेमतेम १२ अश्वशक्तीचे. निम्मी शक्ती पंख्यानेच दवडली असती तर उड्डाण संपलेच म्हणायचे. दोघे तावातावाने वाद घालीत, आणि वादाच्या भरात एकमेकांची बाजू घेऊन बसत! अखेर उमगले: हा पंखा म्हणजे मळसूत्री वाटेने जाणारा विमानाचा पंखच.

मग साडेआठ फुटांचे दोन लाकडी पंखे तासले. इंजिनाचे फेरे मिनिटाला हजारेक, पंख्यांचे साडेतीनशेच्या आसपास. मध्ये सायकलीसारखी साखळी. मोठा पंखा सावकाश फिरवला की शक्ती कमी वाया जाते, ही त्यातली मेख. (खेळातले चिमुकले इंजिन मात्र मिनिटाला दहा हजारांवर फिरते, त्याला मोठा पंखा जोडलात तर ते धापाच टाकील.) शक्तीचा जवळजवळ पाऊण हिस्सा रेट्याच्या कामी आला, आणि १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकजवळच्या वाळूवरून विमान १२ सेकंदांत १२० फूट गेले.