इंदूरची ट्रंक आणि थंड समुद्र

माझी धाकटी बहीण इंदूरला दिली आहे. गोव्याची मुलगी इतक्या लांब का देता, असं त्या वेळी चार नातेवाईकांनी विचारलं होतं. बाबांचं उत्तर ठरलेलं असे. इंदूर म्हणजे आपलंच, मंगेशीच्या मास्टर दीनानाथांची लता तिथेच जन्मली ना १९२९ साली! या उत्तरात तर्क किती होता ते सोडून द्या, पण नातेवाईक गप्प बसत.

परवा रात्री तिचा फोन आला. भाचा अमेरिकेत सिएटलला नोकरीला आहे. त्याने आईवडील आणि आजीआजोबा अशा चौघांची जहाजाची तिकिटं काढली आहेत. सिएटलहून निघायचं, अलास्काचा किनारा आणि बर्फाच्या नद्या पाहायच्या आणि आठवड्याने परत. जूनची अखेर.

"दादा, उन्हाळाच ना तिथे? मग स्वेटर कशाला म्हणते मी. पण हा पोरगा ऐकत नाही."

खरी अडचण पुढेच होती. तिच्या सासूबाई, म्हणजे माई, चौऱ्याहत्तर वर्षांच्या. इंदुरात आजही रोज नऊवारी नेसणाऱ्या ज्या थोड्या बायका उरल्या आहेत त्यांतल्या एक. नातवाने फोनवर सांगितलं, "आजीला दोन पँट घ्या." माईंनी फोन खाली ठेवला आणि आपण जाणार नाही असं जाहीर केलं. तीन दिवस घरात अबोला. "तू इतिहास घेऊन बी.ए. झालास ना, मग काहीतरी सांग," असं बहीण म्हणाली.

दिवसभर सरकारी कचेरीत फायलींवर शेरे लिहिणाऱ्या माणसाला अलास्कातलं काय कळणार? पण समुद्र ओलांडताना ट्रंकेत काय भरायचं, हा प्रश्न आपल्या लोकांना नवा नाही. मी दोन दिवस मागितले.

आधी हवेचं सांगतो. तिकडच्या 'उन्हाळा' या शब्दाने आपला माणूस हमखास फसतो. अलास्कातल्या जुनो बंदरात ऐन जुलैत दुपारी १८ अंशांच्या आसपास असतं आणि पहाटे १० अंश. केचिकान नावाच्या बंदरात वर्षाला पडणारा पाऊस आपल्या पणजीपेक्षाही जास्त. म्हणजे महाबळेश्वरची डिसेंबरातली थंडी आणि पणजीचा जुलैतला पाऊस एकत्र करायचा, आणि वर चालत्या जहाजाचा वारा.

वाऱ्याचं मला लहानपणीच कळलं होतं. माझं आजोळ बार्देशातलं. शेजारी एक निवृत्त तारवटी राहायचे, पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर आयुष्य काढलेले. संध्याकाळी बलकांवावर बसून आम्हा पोरांना गोष्टी सांगत. "थंडी खायना, वारो खाता," हे त्यांचं वाक्य. पोर्ट सैद मागे पडलं की बोटीवरच्या साहेबांचे पांढरे गणवेश जाऊन गडद निळे लोकरी गणवेश यायचे, हेही त्यांच्याकडूनच ऐकलं. आणि ट्रंकांवरच्या चिठ्ठ्या! एकीवर छापलेलं असे, 'प्रवासात लागणार'. दुसरीवर, 'प्रवासात नको'. नकोवाली ट्रंक बोटीच्या पोटात जाई. नवखा प्रवासी मुंबईच्या उकाड्यात घाम पुसत लोकरीचे कपडे त्याच ट्रंकेत भरी आणि भूमध्य समुद्रात शिरल्यावर कुडकुडत बसे.

आता मुद्द्याचं. बहिणीचा प्रश्न ऐकताच मला आठवल्या त्या डॉ. आनंदीबाई जोशी.

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून 'सिटी ऑफ कलकत्ता' या आगबोटीने निघाल्या. वय नुकतंच अठरा पूर्ण. ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. म्हणजे त्यांचाही प्रवास उन्हाळ्यातलाच! निघण्याआधी फेब्रुवारीत श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी जाहीरपणे सांगितलं होतं की, आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ. पोशाख बदलणार नाही, खाणं बदलणार नाही. तेव्हाच्या समाजात हे बोलणं भाग होतं. परदेशी जाणाऱ्या बाईच्या ट्रंकेत काय आहे यावर तिचा धर्म जोखला जाई. पुरुषांचीही यातून सुटका नव्हती. जयपूरचे महाराज माधोसिंग १९०२ साली लंडनला राज्यारोहणासाठी गेले, तेव्हा बोटीवर चांदीच्या प्रचंड घागरींत गंगाजल घेऊन गेले. पण महाराज तो! अख्खी बोट त्याने भाड्याने घेतली होती. आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव पोस्ट खात्यातले कारकून. आमच्याच जातकुळीतले म्हणा ना. तिथे पैसा बेताचा आणि हातातल्या बांगड्या विकून तिकिटाची सोय.

नऊवारी हे कष्टाळू बाईचं वस्त्र आहे. शेतात वाका, विहिरीवर जा, घोड्यावरसुद्धा बसा. अडत नाही. पण मागे कासोटा खोचला की पोटऱ्या उघड्या राहतात. पुण्यात त्याचं काही वाटत नाही, फिलाडेल्फियात वाटतं. तिथे पाय गारठून जात आणि वर लोकांच्या नजरा. आनंदीबाईंनी उपाय काढला तो त्यांच्या बुद्धीला शोभणारा. साडी सोडली नाही, नेसण बदलली. घोट्यापर्यंत पाय झाकणारी गुजराती पद्धत त्यांनी घेतली. एवढ्याशा बदलावरूनही नवराबायकोत पत्रांतून वाद झाला. तो वाद वाचताना मला गोपाळरावांचा राग येतो. बायकोला शिकवण्यासाठी जगाशी भांडणारा हा माणूस, पण तिच्या पायांना लागणारी थंडी त्याला हजारो मैलांवरून कशी दिसावी?

१० ऑक्टोबर १८८५चा एक फोटो प्रसिद्ध आहे. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातल्या तिघी: जपानच्या केई ओकामी, सिरियाच्या साबात इस्लामबूली आणि आपल्या आनंदीबाई. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. फोटो पाहणारा कौतुक करतो. मला तो पाहताना खोली किती गरम होती, हाच प्रश्न पडतो.

मार्च १८८६मध्ये त्या डॉक्टर झाल्या, वर्षअखेरीस आजारी अवस्थेत परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. क्षय. क्षय थंडीने होत नाही, जंतूंनी होतो, हे रॉबर्ट कॉखने त्या निघण्याच्या आदल्याच वर्षी, १८८२मध्ये दाखवून दिलं होतं. त्यामुळे साडीने त्यांचा जीव घेतला असं मी म्हणणार नाही, म्हणूही नये. पण परक्या थंडीत, पोटाला न मानवणारं खाऊन किंवा न खाऊन, अपुऱ्या कपड्यांत काढलेल्या तीन वर्षांचं ओझं त्या शरीरावर होतंच. दिलेला शब्द पाळण्याची किंमत शरीराने मोजली.

आता इंदूरकडे वळतो, नाहीतर बहीण रागवायची.

होळकरांचे शेवटचे सत्ताधीश यशवंतराव दुसरे, जन्म १९०८, शिक्षण इंग्लंडात. फ्रेंच चित्रकार बर्नार बुते द मोन्व्हेल याने त्यांची दोन मोठी चित्रं काढली. पहिलं १९२९चं. उंच, सडपातळ तरुण, पांढरा टाय, अंगावर काळा लांब झगा. युरोपातल्या रात्रीच्या मेजवानीचा पोशाख. दुसरं त्यानंतर चारपाच वर्षांनी काढलेलं. त्यात तेच महाराज पांढऱ्या मराठेशाही पोशाखात गादीवर बसलेले, डोक्याला पगडी, गळ्यात 'इंदूर पेअर्स' हे नासपतीच्या आकाराचे दोन हिरे. माणूस एक, चित्रकार एक आणि ट्रंका दोन. ज्यांच्या त्यांच्या नजरेसाठी ज्याचं त्याचं वस्त्र. राजाला हे परवडतं. त्याला दोन्हीकडे कोणी धर्म विचारत नाही.

याच महाराजांनी इंदुरात एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून माणिकबाग राजवाडा बांधून घेतला. पुढे त्यात अबकारी आणि सीमाशुल्क खात्याची कचेरी आली. बहिणीकडे गेलो असताना ती इमारत बाहेरून पाहिली होती. राजाच्या शयनगृहात कारकुनांची टेबलं, या कल्पनेने मला जरा आनंदच झाला हे कबूल करतो.

पण मला माईंना सांगायचं होतं ते त्या राजाचं नव्हे, त्याच्या वडिलांच्या तिसऱ्या पत्नीचं. तुकोजीराव तिसरे यांना बावला खून प्रकरणानंतर १९२६मध्ये गादी सोडावी लागली. पुढे त्यांनी नॅन्सी ॲन मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न केलं, मार्च १९२८मध्ये, बडवाह इथे. त्याआधी तिने हिंदू धर्म स्वीकारला आणि ती शर्मिष्ठादेवी झाली. देशभर गाजलेलं लग्न. ही मुलगी समुद्र ओलांडून इंदूरला आली, साडी नेसायला शिकली आणि पुढचं आयुष्य तिने साडीतच काढलं. बरं, ती मूळची कुठली? सिएटलची! जिथून माईंची बोट सुटणार त्याच गावची.

हे ऐकून बहीण फोनवर ओरडलीच. मग फोन स्पीकरवर टाकला गेला आणि माई जवळ येऊन बसल्या, अबोला विसरून.

मी सांगितलं ते असं. माई, पँट घालू नका. नेसण मात्र आनंदीबाईंसारखी बदला. पाचवारी किंवा सहावारी, घोट्यापर्यंत. आत परकराऐवजी पातळ लोकरीची अंगाला घट्ट बसणारी विजार, वर त्याच कापडाचं पूर्ण बाह्यांचं. ते कोणालाही दिसत नाही. ब्लाउजवर स्वेटर, आणि त्यावर वारा व पाऊस दोन्ही अडवणारं जाकीट, गुडघ्यापर्यंत आलं तर उत्तम. एकच जाड कोट घेऊ नका. डेकवर गारठा आणि आतल्या जेवणाच्या दालनात ऊब, असं दिवसातून दहा वेळा होतं. थर असले की चढवता उतरवता येतात. सुती कपडा भिजला की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतो, म्हणून बाहेर जाताना अंगालगत सुती नको. छत्री घरीच ठेवा, डेकवर ती उलटी होते. कानटोपी घ्या, हातमोजे घ्या. भाच्याला म्हणावं, तुझी जीन्सची पँट आजीच्या साडीपेक्षा उशिरा वाळेल.

"आणि रात्रीच्या मेजवानीला?" बहिणीने विचारलं. तिला म्हटलं, महेश्वरी साडी. वजनाला हलकी, घडी लहान, आणि होळकरांच्या गावची. शालू नको, पिशवीचं वजन वाढतं. या कपड्यांतलं एक गरम जाकीट मात्र हातातल्या पिशवीत ठेवा. बार्देशच्या म्हाताऱ्याची 'प्रवासात लागणार' चिठ्ठी विसरू नका.

माई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सगळं पटलं भाऊ. पण लोकरीचे मोजे घालायचे म्हणता, तर जोडव्यांचं काय करायचं? ती काही मी काढणार नाही."

काशीबाई कानिटकरांनी लिहिलेलं आनंदीबाईंचं चरित्र मी वाचलं आहे, पण या प्रश्नाला मी निरुत्तर झालो. फोन बायकोच्या हातात दिला. तिने एका वाक्यात निकाल लावला: आधी पातळ सुती मोजा, त्यावर लोकरीचा सैल मोजा, आणि बूट एक नंबर मोठा.